पॉडचं कॉफी मशीन घेणं म्हणजे रतीब लावणं

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही आणि तुमचे मिस्टर दोघेही डॉक्टर, लातूरला घराला लागूनच दवाखाना. दोघांच्या मिळून दिवसाला पाच कप कॉफी होतात, बहुतेक दुधाच्या, आणि ती करत बसायला वेळ नाही. नणंदबाई न्यू जर्सीला असतात, दिवाळीला येताना तिकडचं के-कपवालं मशीन आणते म्हणतात. (एका कपापुरती कॉफी भरून बंद केलेली डबी म्हणजे पॉड; के-कप आणि कॅप्सूल हे तिचेच प्रकार.) ते आणू द्यावं, इकडेच ॲल्युमिनियमच्या कॅप्सूलचं मशीन घ्यावं, की हा विचारच सोडून द्यावा?

मी चौदा वर्षं संभाजीनगरला कॉफी भाजून विकतो आणि कॉफीची मशीन दुरुस्त करतो. वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांची ऑफिसं, जालन्याच्या पेढ्या, लातूर-नांदेडचे क्लास आणि दवाखाने ही माझी गिऱ्हाइकं. पॉडची मशीन मी बसवून दिली आहेत, खोलून दुरुस्त केली आहेत, आणि काही घरी पाणी बघून ‘घेऊ नका’ असं सांगून परतही आलो आहे.

तुम्ही विचारलंय कोणतं मशीन घ्यावं. पण मशीन एकदाच घ्यायचं असतं. ते घरात आलं की खरं तर तुम्ही एक रतीब लावून घेता. दुधाचा रतीब लावताना आपण दूधवाल्याची किटली बघत नाही. तो पावसाळ्यात येतो का, दुधात पाणी किती, महिन्याचं बिल किती होतं, हे चार घरी विचारतो. इथेही तेच विचारायचं: पॉड लातूरला वर्षभर मिळतील का, एका कपाला काय पडेल, आणि तुमच्या घरची वीज आणि पाणी त्या मशीनला मानवेल का. शेवटच्या दोन गोष्टी घराघरांत वेगळ्या असतात, म्हणून त्यांचं ठाम उत्तर मी इथे बसून देऊ शकत नाही. ते कसं तपासायचं, तेवढं सांगतो.

आधी नणंदबाईंच्या मशीनचं, कारण दिवाळी जवळ आली आहे. आणू नका म्हणावं. अमेरिकेत घरातली वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची असते. आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची. मोबाइलचा चार्जर दोन्हीकडे चालतो, त्यामुळे नुसती पिन बदलली की काम झालं असं लोकांना वाटतं. चार्जर मुद्दाम तसा बनवलेला असतो, पाणी तापवणारं मशीन तसं बनवलेलं नसतं. हीटर किती वीज ओढणार हे व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे वाढतं. तिकडे १५०० वॅट ओढणारा हीटर आपल्या प्लगला लावला तर साडेपाच हजार वॅट ओढायला बघतो. काही सेकंदांत फ्यूज जातो, आणि बऱ्याचदा सोबत कंट्रोल बोर्डही. दर दिवाळीनंतर माझ्या टेबलावर असं एखादं मशीन येतं. लेकानं किंवा भावानं कौतुकानं आणलेलं असतं, आणि त्याचा बोर्ड इकडे मिळत नाही हे सांगताना मला फार वाईट वाटतं.

व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लावता येतो. पण १५०० वॅटच्या मशीनला निदान २००० व्हीएचा हवा, तो जड असतो, गरम होतो आणि ओट्यावर जागा अडवतो. शिवाय तो व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. कॅप्सूलच्या बहुतेक मशीनमधला पंप विजेच्या लहरीच्या तालावर धडधडतो. ६० हर्ट्झसाठी बनवलेला तसला पंप ५० वर मंद चालतो. एवढं सगळं जमवलं तरी के-कप कुठून आणणार? नणंदबाईंनी बॅगेत शंभर कप भरून आणले तरी तुमच्या घरी ते वीस दिवसांत संपतील.

आणि के-कप तुमच्या कामाचाही नाही. १९९८ साली तो अमेरिकेतल्या ऑफिसांसाठी बाजारात आला. मोठा मगभर काळी, पातळ कॉफी पिणाऱ्यांसाठी ती सोय होती. त्यात एस्प्रेसोसारखा, म्हणजे दाबानं काढलेल्या दाट कॉफीसारखा, दाब नसतो, गरम पाणी भुकटीतून आणि गाळणीतून जातं, एवढंच. आपल्याला दुधात घालायला दाट अर्क लागतो. के-कपच्या पाण्यात म्हशीचं दूध ओतलं तर हातात येतं ते कॉफीच्या वासाचं दूध.

आता इकडे मिळणाऱ्या कॅप्सूलच्या मशीनकडे येऊ. नेसप्रेसो ही कंपनी १९८६ साली सुरू झाली आणि ॲल्युमिनियमची छोटी कॅप्सूल घरोघर गेली ती तिच्यामुळे. आत साधारण ५ ते ६ ग्रॅम दळलेली कॉफी असते, हवा काढून नायट्रोजन भरून बंद केलेली. मशीन कॅप्सूलला भोकं पाडतं, पंप तापलेलं पाणी दाबानं आत ढकलतो आणि अर्ध्या मिनिटात चाळीसेक मिली कॉफी पडते. खोक्यावर १५ बार, १९ बार असे दाबाचे आकडे छापलेले असतात. चांगल्या एस्प्रेसोला ९ बारच्या आसपास दाब पुरतो, त्यामुळे या आकड्यांवरून मशीन निवडू नका.

या कॅप्सूलचा एक गुण मी कॉफी भाजणारा असूनही मनापासून मान्य करतो. दळलेली कॉफी लवकर शिळी होते. पाकीट फोडल्यावर पंधरा दिवसांत वास निम्मा होतो, आणि आपल्याकडच्या श्रावणात झाकण जरा सैल राहिलं तरी गोळे होतात. कॅप्सूलमधली कॉफी महिनोन् महिने जशीच्या तशी राहते आणि पहिला कप व शंभरावा कप सारखाच लागतो. घरात एकच माणूस, दिवसाला एकच कप काळी कॉफी, अशा ठिकाणी पाव किलोचं पाकीट निम्मं शिळं करून संपवण्यापेक्षा कॅप्सूल बरी पडते. नांदेडला माझे एक गिऱ्हाईक आहेत, निवृत्त शिक्षक. हाताला कंप आहे, गॅसवर भांडं धरवत नाही. त्यांना मी स्वतः असं मशीन घेऊन दिलं. झाकण उघडायचं, कॅप्सूल टाकायची, बटण दाबायचं. सकाळची कॉफी ते आता कोणाची वाट न बघता करून घेतात. ती किंमत पैशात मोजायची नसते.

तुमच्या घरी मात्र दोन माणसं आणि पाच कप आहेत, म्हणून पैशात मोजूच. कॅप्सूलचे भाव बदलत असतात, मी हिशेबाला ५५ रुपये धरतो. आत साडेपाच ग्रॅम कॉफी, म्हणजे ग्रॅमला १० रुपये, किलोला १०,००० रुपये झाले. चिकमंगळूर-कूर्गची चांगली भाजलेली अरेबिका सध्या मी १४०० रुपये किलोनं देतो. वर्षातले ३०० दिवस धरले तर तुमचे १५०० कप होतात. कॅप्सूलनं ते ८२,५०० रुपयांना पडतील. तीच कॉफी कपाला १५ ग्रॅम सढळ हातानं वापरली तर साडेबावीस किलो लागेल, म्हणजे ३१,५०० रुपये. चिकोरी घातलेली फिल्टर कॉफी ८०० रुपये किलोची घेतली आणि कपाला १२ ग्रॅम वापरली, तर १४,४०० रुपयांत वर्ष निघतं. दूध-साखर यात धरलेली नाही, ती तिन्हीकडे सारखीच. मशीन आठ हजारांत मिळालं की पंधरा हजारांत, हा फरक या आकड्यांपुढे पहिल्या वर्षीच बुजून जातो.

त्यातही दुधाची एक मेख आहे. शहरातल्या कॅफेत जी कॅपुचिनो तुम्हाला आवडते, तिच्यात दुहेरी एस्प्रेसो असतो, म्हणजे साधारण १८ ग्रॅम कॉफीचा अर्क. कॅप्सूलमध्ये त्याच्या तिसरा हिस्सा कॉफी आहे. काळी प्यायली तर ती छानच लागते. पण कपभर दूध, आणि आपल्याकडचं दूध म्हणजे बहुतेक म्हशीचं, सहा-सात टक्के स्निग्धांशाचं; त्यात चाळीस मिली कॉफी पार बुडून जाते. मग लोक एका कपाला दोन कॅप्सूल घालायला लागतात. तिथे वरचा हिशेब दुप्पट करून घ्या. आणि दूध तापवणं, फेसाळणं हे काम बहुतेक मशीन करत नाहीत, त्याला वेगळा फ्रॉदर लागतो आणि तो दर वेळी घासावा लागतो. काही मशीनना दूध पावडरीची वेगळी कॅप्सूल मिळते. ताज्या दुधाच्या मुलखात राहून तिची सवय लावून घ्यावी असं मला वाटत नाही. आईच्या हातची जायफळ घातलेली, दुधात उकळलेली कॉफी ज्यांच्या जिभेवर आहे त्यांनी तर मशीनकडून ती चव मागूच नये.

आता पाणी. प्रश्नात तुम्ही पाण्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही, आणि मी दुरुस्त केलेल्या मशीनपैकी सगळ्यात जास्त पाण्यानं गेलेली असतात.

लातूरच्या पाण्याबद्दल मी तुम्हाला काय सांगावं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली तेव्हा तुम्ही तिथेच असाल. मांजरा धरण भरलेलं असतं तेव्हा नळाला एक पाणी येतं, उन्हाळ्यात बोअरचं येतं, त्याहून ताण पडला की टँकरचं. आपल्याकडे काळ्या बसाल्ट खडकातून वर येणारं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असतात. पाणी तापलं की बायकार्बोनेट फुटतो, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे सरळ चुनखडीच, सगळ्यात गरम जागी चिकटून बसते. अंघोळीच्या गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर दिसतो तो हाच. गिझर तो वर्ष-दोन वर्षं सोसतो, कारण त्याची टाकी मोठी असते. कॅप्सूलच्या मशीनमध्ये पाणी एका धातूच्या ठोकळ्यातल्या बारीक नळीतून तापत जातं. तिथे अर्धा मिलिमीटर थरही फार झाला.

लक्षणं ठरलेली असतात. आधी पंपाचा आवाज वाढतो. मग धार बारीक होते, कॉफी थेंबथेंब पडते. मग कॉफी कोमट येते, कारण थरामुळे उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही. लातूरच्याच एका क्लासच्या ऑफिसात मशीन बसवून सात महिने झाले होते. माणसांना वाटलं कॅप्सूलच खराब आली, त्यांनी दुसरा ब्रँड मागवला, मग तिसरा. मी ठोकळा खोलला तेव्हा नळीत सुई जाईना. दोष मशीनचा नव्हता, कॅप्सूलचा तर नव्हताच. टाकीत थेट बोअरचं पाणी भरलं जात होतं आणि क्षार काढायची सफाई कोणी केली नव्हती.

मग आरओचं पाणी घालावं का? घालता येतं, पण निव्वळ आरओच्या पाण्यानं कॉफी सपक लागते. पाण्यातले क्षार कॉफीतली चव ओढून घेतात. ते अजिबात नसले की कप रिकामा वाटतो. कॉफीच्या धंद्यात एकूण विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, लिटरला १५० मिलिग्रॅमच्या आसपास असलेलं पाणी उत्तम मानतात. आपलं पिण्याच्या पाण्याचं मानक ५०० पर्यंत चांगलं म्हणतं, आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतं. म्हणजे प्यायला चालणारं पाणी मशीनला चालेलच असं नाही. आरओचं आणि नळाचं पाणी मिसळून टीडीएस १०० ते १५० वर आणा. एक गोष्ट ध्यानात ठेवा: टीडीएसचं मीटर एकूण क्षार सांगतं, जडपणा वेगळा सांगत नाही. त्यासाठी थेंब टाकून रंग बदलायचा हार्डनेस किट मिळतो, शेतीसेवा केंद्रात किंवा माशांच्या टाक्यांच्या दुकानात विचारा. शिवाय घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर बाहेर सोडतो. लातुरात ते पाणी बादलीत धरून फरशीला किंवा झाडांना घालत असाल अशी माझी खात्री आहे.

आणि सफाई. मशीनच्या पुस्तिकेत क्षार काढायची रीत दिलेली असते, ती आपल्या पाण्याला दर दोन महिन्यांनी करावीच लागते. कंपनीचं द्रावण घ्या. व्हिनेगर घालू नका, रबरी सील खराब होतात आणि वास जात नाही. जडपणा किती हे भरायची सोय मशीनमध्ये असेल तर पहिल्याच दिवशी भरा. बहुतेक जण ते पान उघडतच नाहीत.

विजेबद्दल थोडक्यात. ही मशीन १२०० ते १५०० वॅट ओढतात. घरातला नेहमीचा ९०० व्हीएचा इन्व्हर्टर ती पेलत नाही, त्यामुळे लाईट गेली की कॉफी बंद. दवाखान्यात मोठा बॅकअप असेल तर प्रश्न नाही, पण फ्रिज आणि उपकरणं निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह ज्या लाइनवर आहेत तिच्यावर हे जोडू नका.

कचऱ्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण तो दिसायला लागला की मनाला लागतो. वर्षाला १५०० कॅप्सूल. ॲल्युमिनियम भंगारात जातं हे खरं, पण आत ओला चोथा असलेली, जेमतेम ग्रॅमभर वजनाची डबी आपला भंगारवाला घेत नाही. एकेक कापून, चोथा झाडांना घालून, धुऊन, पोतं भरलं की मग तो बघतो. माझ्या एका गिऱ्हाईक कुटुंबात आजी हे काम नेमानं करतात, म्हणून तिथे ते चालतं. के-कपचं तर प्लास्टिक, कागद आणि पन्नी एकत्र चिकटलेली असते. जर्मनीत हॅम्बुर्ग शहरानं २०१६ साली सरकारी कार्यालयांत असल्या कॅप्सूलची खरेदी बंद केली, ती याच कारणानं. दुसरी बाजूही खरी आहे: कॅप्सूल मोजकीच कॉफी वापरते आणि पाणी लागेल तेवढंच तापवते, घरी आपण भांडंभर करून उरलेली ओतून देतो, तीही नासाडीच.

यावर तुम्ही म्हणाल, तरी मला बटण दाबायचीच सोय हवी आहे. ठीक आहे. दवाखान्याच्या गर्दीत दोन पेशंटच्या मध्ये मिळणाऱ्या चार मिनिटांची किंमत मला कळते. मग दोन गोष्टी पाळा. जुन्या, छोट्या आकाराच्या कॅप्सूलचं मशीन घ्या, ज्याला नेसप्रेसोची ओरिजिनल लाइन म्हणतात. तिची पेटंटं संपत गेली तशा बऱ्याच कंपन्या त्या आकाराच्या कॅप्सूल बनवू लागल्या, आपल्याकडचे काही भाजणारेही. एकानं भाव वाढवला किंवा लातूरच्या पिनकोडला पाठवणं बंद केलं तर दुसरा असतो. कॅप्सूलवरचा बारकोड वाचून चालणारी मशीन घेऊ नका. त्यांचा रतीब एकाच गवळ्याकडे बांधलेला राहतो. अमेरिकेत २०१४ साली के-कपवाल्या क्युरिग कंपनीनं दुसऱ्यांचे कप ओळखून नाकारणारं मशीन काढलं होतं. लोक इतके चिडले की पुढच्याच वर्षी कंपनीला स्वतःचा भरायचा कप परत आणावा लागला. दुसरं, स्टीलच्या पुन्हा भरता येणाऱ्या दोन-तीन कॅप्सूल घेऊन ठेवा. रोज त्या भरणं, दाबणं, धुणं म्हणजे सोय गेलीच. पण पार्सल आठ दिवस अडकलं तर घरात कॉफी राहते.

मला विचाराल तर तुमच्या घरासाठी मी मशीन ओट्यावर ठेवणार नाही. घराच्या स्वयंपाकघरात तीन कपांचा मोका पॉट ठेवेन, म्हणजे गॅसवर ठेवायचं, खालचं उकळतं पाणी वाफेच्या दाबानं भुकटीतून वर चढवणारं भांडं. १९३३ पासून तो तसाच आहे, आत बिघडायला फक्त एक रबरी रिंग, गॅसवर पाच मिनिटांत होतो, लाईट असो नसो. त्याचा अर्क म्हशीच्या दुधाला पुरून उरतो. तळाच्या भांड्यात पांढरा थर आला तर तो डोळ्यांना दिसतो आणि साफ करता येतो. दवाखान्यासाठी पितळेचा किंवा स्टीलचा दाक्षिणात्य फिल्टर. रात्री झोपताना भुकटी भरून गरम पाणी ओतून ठेवलं की सकाळी दाट डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क, तयार. कंपाउंडरही दूध तापवून दोन मिनिटांत कप करून देईल. मोका पॉट, फिल्टर आणि एक साधा हातानं फिरवायचा ग्राइंडर, हे तिन्ही मिळून मशीनच्या निम्म्या पैशांत येतात.

मोका पॉटची सवय लागायला आठवडा जातो. पहिले दोन-तीन कप कडू होतील. आच मंद ठेवा, खाली पाणी भरताना आधीच उकळलेलं भरा, आणि वरच्या भांड्यात गुरगुर सुरू झाली की लगेच उतरवा, शेवटचा थेंब येण्याची वाट बघू नका. दळण साखरेहून बारीक पण रव्याइतकं सुटं, मैद्यासारखं नको.

नणंदबाईंना मशीनऐवजी काही आणायचंच असेल तर एक चांगला हातानं फिरवायचा ग्राइंडर सांगा. त्याला वीज लागत नाही, त्यामुळे व्होल्टेजचा प्रश्न नाही, आणि तिकडे ते खरोखर चांगले मिळतात.

तरीही कॅप्सूलचं मशीन घ्यायचं ठरलं, तर ऑर्डर करण्याआधी एक काम करा. तुमच्या चहाच्या इलेक्ट्रिक केटलीचा तळ उजेडात धरून बघा. शेवटची सफाई कधी केली होती ते आठवा आणि थर किती आहे ते इथे लिहा, जमलं तर नळाचं आणि बोअरचं टीडीएसही. त्यावरून पाणी किती मिसळायचं आणि क्षार किती दिवसांनी काढायचे, ते मी नेमकं सांगतो.